जीर्णोद्धार

आमच्या बदलापूरच्या घराच्या मागील आवारांत, जांभळीच्या झाडाखालीं, एक जुनी शेव्हरोले मालमोटार उभी आहे. असल्या गाडीस हल्लीं पिकअप म्हणतात. आमच्या घरांत मात्र ती नुसती 'गाडी' आहे. जणूं काय जगांत दुसरी गाडीच नाहीं. गेलीं सहा वर्षें आमचें सारें कुटुंब सवड सांपडेल त्या रविवारीं तिच्या दुरुस्तीस लागलेलें आहे. घरीं येणारा पाहुणा चहा घेतां घेतां खिडकींतून तिच्याकडे पाहतो आणि विचारतो, "अजून विकली नाहीं ही?" आजवर या प्रश्नावर मी हंसून गप्प बसत असें. परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. वाडवडिलांची वस्तु निरुपयोगी झाली म्हणजे तिचें काय करावें, हा प्रश्न आज ना उद्यां प्रत्येक घरापुढें उभा राहतो. म्हणून आपल्या वार्षिकाच्या पानांवर त्याचें यथामति उत्तर द्यावें, असें योजिलें आहे.

माझें मत आरंभींच सांगतों. वाडवडिलांनीं जिच्यावर पोट भरलें ती वस्तु मोडीत घालूं नये. परंतु तिला रंगवून नटवून शोभेची बाहुलीहि करूं नये. घरच्या माणसांनीं, शक्य तितकें घरच्या हातांनीं, तिचें मूळ रूप राखून ती पुन्हां चालती करावी. आणि हें ज्यास जमणार नसेल, त्यानें ती जमेल त्याच्या स्वाधीन करावी. पण कुजत ठेवूं नये. हें मत मला कोणत्याहि पुस्तकांत मिळालें नाहीं. त्याचा निम्मा भाग आजोबांनीं शिकविला व उरलेला निम्मा माझ्या हातून घडलेल्या एका चुकीनें. ती चूक या लेखांत मी लपविणार नाहीं.

प्रथम गाडीचें कुळ सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीनें येत व त्यांची जोडणी शिवडीस होई. १९५४ सालीं तो कारखाना बंद झाला. आमची गाडी १९५१ सालची, म्हणजे त्या कारखान्याच्या अखेरच्या दिवसांतील आहे. दर्शनी भागीं आडव्या पांच पट्ट्यांची जाळी, पैलवानाच्या खांद्यांसारखे गोल मडगार्ड, सहा सिलिंडरांचें सुमारें साडेतीन लिटरचें इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी, पायानें दाबावयाचा सेल्फ, बैठकीच्या पाठीमागेंच पेट्रोलची टाकी आणि त्यामागें लांकडी फळ्यांचा हौदा, असें तिचें रूप आहे. आजच्या मोटारींत बसणाऱ्यास ती ओबडधोबड वाटेल. पण बोनेट उघडून पाहिलें तर प्रत्येक भाग कोठें आहे, तो कशास जोडलेला आहे व काय काम करतो, हें डोळ्यांना दिसतें. शिकणाऱ्या मुलास याहून अधिक काय पाहिजे?

आमच्या पणजोबांनीं ती १९५८ सालीं उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून घेतली. उल्हासनगराचा इतिहास आपल्या भागांतील बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. तरी तो दोन शब्दांत सांगतों. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. १९४७ सालीं फाळणी झाल्यावर सिंध प्रांतांतून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें नव्या वसाहतीची कोनशिला बसली व उल्हास नदीवरून तिचें उल्हासनगर असें नांव पडलें. छावणीची आठवण लोकांच्या जिभेवर अजून आहे. आजहि तेथील माणूस पत्ता सांगतांना आधीं कॅम्पाचा नंबर सांगतो. ज्यांचें घरदार, शेतीवाडी, पेढी सारें मागें राहिलें होतें, त्या लोकांनीं बराकींच्या ओट्यांवर दुकानें मांडलीं. दुकानाला माल हवा आणि मालाला गाडी हवी. आमच्या पणजोबांना पोट भरावयास धंदा हवा होता. अशा दोन गरजांच्या भेटींतून ती गाडी आमच्या दारीं आली.

पुढें छत्तीस वर्षें तिनें काय काय वाहिलें, याची यादी आजी अजून घडाघडा म्हणते. उल्हासनगरचें कापड, पापड, लांकडी कपाटें. बदलापूरकडचीं भाताचीं पोतीं, आणि जेष्ठांत जांभळांच्या पाट्या. अंबरनाथच्या कारखान्यांकडे जाणारीं लहानमोठीं यंत्रें. एकदां एका शेतकऱ्याची आजारी म्हैस. दाराच्या पत्र्यावर पणजोबांनीं स्वतःच्या हातानें पिवळ्या रंगांत अक्षरें काढलीं होतीं : 'बदलापूर – अंबरनाथ – कल्याण'. त्यांचें शिक्षण मराठी दुसरीपर्यंत झालें होतें, त्यामुळें 'ण' जरा वांकडा पडला होता. आजोबा अंबरनाथच्या आयुध निर्माणींत टर्नर होते. सुटीच्या दिवशीं तेहि गाडी चालवीत. १९९४ सालीं पणजोबा वारले. धंदा बंद पडला, गाडी जांभळीखालीं उभी राहिली आणि उभीच राहिली.

या ठिकाणीं आमच्या घराचा पहिला दोष कबूल करतों. पंचवीस वर्षें आम्हीं तिला उन्हापावसांत ठेवलें. तिच्यावर ताडपत्री घातली व ताडपत्री घातली एवढ्यावर समाधान मानलें. सणावारीं तिला हळदकुंकू लावलें, पण तिच्या इंजिनांत तेलाचा थेंब घातला नाहीं. वडिलोपार्जित वस्तूबद्दल आपलें प्रेम बहुधा याच जातीचें असतें. नमस्कार रोजचा, निगा कधींच नाहीं.

मग २७ जुलै २०१९ चा दिवस उजाडला. आदल्या रात्रीपासून मुसळधार पाऊस पडत होता. उल्हास नदीनें पात्र सोडलें. त्याच दिवशीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकून पडली व तिच्यांतील सुमारें हजार उतारूंना नावांनीं बाहेर काढावें लागलें, हें सर्वांस स्मरत असेल. मी तेव्हां चौथींत होतों. आमच्या आवारांत पाणी गाडीच्या बैठकीपर्यंत चढलें. दोन दिवसांनीं तें ओसरलें, तेव्हां इंजिनावर, ब्रेकांवर, बैठकीवर बोटभर गाळ बसलेला होता. आठ दिवसांच्या आंत भंगारवाला दारीं आला. लोखंडाच्या भावानें गाडी उचलतों, म्हणाला.

त्या रात्रीं घरांत जी चर्चा झाली, ती मला शब्दशः आठवते. कारण अशा चर्चेंत प्रत्येक घराचें दर्शन होतें. काका म्हणाले, "आप्पा, जुनें इंजिन काढून टाकूं. हल्लींचें एखादें डिझेल इंजिन बसवूं, वर लालभडक रंग देऊं. वरातीला भाड्यानें जाईल. पैसे सुटतील." बाबा कांहीं बोलले नाहींत, ते मनांत खर्चाचा आंकडा जुळवीत होते. आजी म्हणाली, "या घराची एकूण एक वीट तिच्या पाठीवरून आली आहे. मोडीत घालायची तर माझ्या मागें घाला." सगळ्यांनीं आजोबांच्या तोंडाकडे पाहिलें. ते उठले, कोपऱ्यांतलें फावडें घेतलें आणि म्हणाले, "विकायची कीं ठेवायची तें मग ठरवूं. आधीं चिखल तर काढूं."

दुसऱ्या दिवशीं चिखल काढावयास आम्ही सातजण उभे राहिलों. आणि विकण्याचा विषय पुन्हां निघाला नाहीं. मला वाटतें, घरांतल्या पुष्कळ वादांचा निकाल असाच लागावा. बोलून जें सुटत नाहीं, तें एकत्र हात घातल्यानें कित्येकदां सुटतें.

पुरांत बुडालेल्या इंजिनाची दुरुस्ती म्हणजे धीराची परीक्षा आहे. अडाणी उत्साहानें हँडल मारलें तर आंतील गाळ कानशीसारखा सगळें घांसून टाकतो. आजोबांनीं प्रथम सर्व प्लग काढविले, प्रत्येक सिलिंडरांत डिझेल व तेल यांचें मिश्रण ओतलें आणि पंधरा दिवस कोणासहि हात लावूं दिला नाहीं. नंतर हँडलानें रोज जरासें पुढें, जरासें मागें. अठराव्या दिवशीं इंजिन केंसभर हललें. तेवढ्यासाठीं आजीनें शिरा केला. गिअरपेटींतील व मागच्या आंसांतील तेल पाण्याच्या संसर्गानें दुधासारखें पांढरें झालें होतें. तें काढून टाकून रॉकेलनें दोनदां धुतलें. ब्रेकांचीं सारीं रबरें कुजलीं होतीं. मग २०२० सालीं कोरोनाची टाळेबंदी आली. जगावर तें संकट होतें. पण आमच्या आवारांत तीन पिढ्यांना एकमेकांजवळ बसण्यास इतका वेळ पूर्वीं कधीं मिळाला नव्हता, हेंहि खोटें नाहीं. त्या दिवसांत ताईनें गाडीच्या सर्व तारांचा नकाशा कागदावर काढला व पुढें नवी तार तिनेंच ओढली. ती आतां विद्युत् अभियांत्रिकीची पदविका करीत आहे.

आतां ती चूक.

२०२१ च्या उन्हाळ्यांत पत्र्याचें काम निघालें. गंज तारेच्या ब्रशानें खरवडावयाचा, पॉलिश पेपरनें पत्रा घांसावयाचा, त्यावर रेड ऑक्साइडचा हात द्यावयाचा, हें काम मला दिलेलें होतें. एके दिवशीं दुपारीं मोठीं माणसें जेवून पडलीं असतां मीं एकट्यानें उजवें दार घांसावयास घेतलें. पत्रा स्वच्छ व्हावा, सर्वांना आश्चर्य वाटावें, एवढाच हेतु. तासाभरांत दार आरशासारखें झालें. त्यावरील पिवळीं अक्षरें गेलीं. डाव्या दारावरचीं गंजानें पूर्वींच गेलेलीं होतीं. हीं शेवटचीं होतीं. पणजोबांच्या हाताची दुसरी कोणतीहि खूण या जगांत नव्हती. त्यांचें एकहि पत्र नाहीं, सही नाहीं. साठ वर्षांचें ऊन, पाऊस आणि दोन दिवसांचा महापूर यांनीं जें पुसलें नव्हतें, तें मीं प्रेमानें पुसलें.

आजोबा उठून आले. दाराकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. मी रडूं लागलों. ते रागावले नाहींत. रागावले असते तर बरें, असें मला वाटलें. अखेर म्हणाले, "अक्षरें कशीं होतीं तें आठवतंय ना तुला? 'ण' कसा होता? आज रात्रीं वहींत काढून ठेव. उद्यां तेंहि विसरशील."

काकांनीं सुचविलें कीं, रंगाऱ्याकडून हुबेहूब तशींच अक्षरें काढून घेऊं. कोणास कळणारहि नाहीं. आजोबा म्हणाले, "आपल्याला कळेल." म्हणून आमच्या गाडीचें उजवें दार आजहि कोरें आहे. त्यावर रंगाचा साधा हात आहे, अक्षर एकहि नाहीं. माझ्या वहींत मात्र तीं अक्षरें आहेत, वांकड्या 'ण'सह. आणि त्यांच्या खालीं तारीख व माझी सही आहे.

त्या दिवसापासून जीर्णोद्धार या शब्दाचा मी वेगळा विचार करूं लागलों. आपल्याकडे हा शब्द मोठ्या पुण्याचा मानतात. जुन्या देवळास नवा संगमरवर, नवा रंग, नवें शिखर दिलें कीं जीर्णोद्धार झाला. पण अंबरनाथचें शिवालय पाहा. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलें तें शिलाहारांच्या काळचें देऊळ आपल्या उंबऱ्यावर आहे. त्याच्या शिखराचा वरचा भाग केव्हांच ढासळला आहे. पुरातत्त्व खात्यानें त्यावर नवें शिखर चढविलेलें नाहीं. जें उरलें तें सांभाळलें. जें गेलें त्याची जागा मोकळी राहूं दिली. त्यामुळें आपण आज जो दगड पाहतों तो नऊशें साठ वर्षांपूर्वींच्या पाथरवटानेंच घडविलेला आहे, असा विश्वास बाळगूं शकतों. नकली शिखर चढविलें असतें, तर खऱ्या दगडाविषयींहि संशय उत्पन्न झाला असता. आमचें कोरें दार व तें मोकळें शिखर यांची तुलना करणें हा लहान तोंडीं मोठा घांस होईल. पण दोहोंचा न्याय एकच आहे.

'मग इंजिन तरी जुनें कां ठेवलें? सोय पाहावयाची नाहीं काय?' असें काकांप्रमाणें कोणीहि विचारील. त्याचें उत्तर आम्हांस उल्हासनगरांत मिळालें. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडांत आजच्यासारखीं तयार बेअरिंगें नसतात. तेथें व्हाइट मेटल नांवाचा, कथील मुख्य असलेला मऊ धातु वितळवून ओतलेला असतो. तेलाच्या टाकींत लहान लहान पन्हळी असतात व फिरणाऱ्या रॉडाची चमची त्यांतून तेल उडवून घेते. पुराच्या गाळानें त्या पन्हळी बुजल्या होत्या आणि दोन बेअरिंगांचा धातु उखडला होता. अनेक गॅरेजांत विचारलें. सर्वत्र एकच जबाब मिळाला, इंजिन बदला. शेवटीं पांच नंबर कॅम्पांत एक वृद्ध सिंधी कारागीर भेटले. आजोबांनीं त्यांना 'दादा' म्हणून हांक मारली व रॉड पुढें ठेवला. त्यांनीं तो हातांत घेऊन उलटसुलट पाहिला, नखानें खरडला आणि मला म्हणाले, "तू भाता चालव."

लोखंडावर आधीं कथलाचा पातळ थर चढवावा लागतो, नाहींतर ओतलेला धातु धरत नाहीं. सांचा गरम पाहिजे, नाहींतर ओतलेल्यांत पोकळी राहते. धातु किती तापला हें पाहावयास त्यांनीं त्यांत पाइनच्या लांकडाची काडी बुडविली; काडी करपली पण पेटली नाहीं, तेव्हां म्हणाले, "आतां." ओतणें एका श्वासांत झालें. नंतर आजोबांनीं अंबरनाथच्या एका लेथवर, थरथरत्या हातांनीं पण अचूक, त्याचें भोंक साफ केलें. आणि निळा रंग लावून आंस कोठें टेकतो तें पाहत, कागदासारख्या पातळ पट्ट्या काढीत घालीत तीन रविवार तें बसविलें. कारागिरानें मजुरी पुरेपूर घेतली, एक पैसाहि सोडला नाहीं. आणि तें योग्यच झालें. पण निघतांना ते म्हणाले कीं, हें काम मागावयास पांच वर्षांत कोणी आलेलें नव्हतें.

इंजिन बदललें असतें तर गाडी लवकर चालली असती, यांत शंका नाहीं. पण मग तें ओतणें मीं पाहिलें नसतें, आजोबांचें लेथवरील कसब मला कळलें नसतें, आणि उल्हासनगरच्या त्या दुकानांत एक विद्या विचारपुशीवांचून आणखी कांहीं वर्षें पडून राहिली असती. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गांवांना लोक कळकट म्हणून नाकें मुरडतात. पण पत्रा ठोकणारा, लेथ चालविणारा, धातु ओतणारा, गादी शिवणारा असे चार कसबी हात सात-आठ कोसांच्या टापूंत मिळण्याचें भाग्य किती शहरांना आहे? जुनी वस्तु दुरुस्त करण्यांत अशा हातांना काम मिळतें. आणि कसब कामावरच जगतें.

कायद्यानेंहि मूळ रूपाची अट घातली आहे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली, सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी या नियमांत बसते. तिच्या क्रमांकांत 'व्हीए' अशीं अक्षरें असतात. नव्या नोंदणीस २०,००० रुपये व पुन्हां नोंदणीस ५,००० रुपये शुल्क पडतें. नोंदणी दहा वर्षें चालते. अशी गाडी रोजच्या वाहतुकीस किंवा धंद्यास वापरतां येत नाहीं. मूळ रूपाची अट मला मनापासून पटते. परंतु या नियमांचा रोख खाजगी वापराच्या वाहनांकडे आहे, आणि तेथें माझें एक नम्र गाऱ्हाणें आहे. राजेरजवाड्यांच्या, शेठसावकारांच्या मोटारी जपल्या जातात. मुंबईंत त्यांच्या मिरवणुकी निघतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रें येतात. पण ज्या मालमोटारींनीं या शहरांच्या विटा, धान्य व कापड वाहिलें, त्या बहुतेक वितळून गेल्या. जत्रांतून तंबूचा सिनेमा नेणाऱ्या महाराष्ट्रांतील जुन्या लॉऱ्या आठवा; २०१६ सालीं 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या बोलपटानें त्या फिरत्या धंद्याचे अखेरचे दिवस जगाला दाखविले. ओझें वाहणाऱ्या वाहनाचा मान बसून जाण्याच्या वाहनापेक्षां कमी कां असावा? इतिहास जपावयाचा तर मालकाबरोबर मजुराचाहि जपला पाहिजे.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें. पहिला आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे. आमच्या आईनें पहिल्याच महिन्यांत एक वही घातली व ठराविक रकमेपलीकडे महिन्याला एक पैसाहि गाडीवर खर्चावयाचा नाहीं, असा दंडक केला. म्हणूनच सहा वर्षें लागलीं. कर्ज काढून वारसा जपणें म्हणजे पुढच्या पिढीस वारशांत कर्ज देणें होय. दुसरा आक्षेप धुराचा. तोहि मी नाकारीत नाहीं. सत्तर वर्षांपूर्वींचें इंजिन आजच्या इंजिनाइतकें स्वच्छ जळत नाहीं. म्हणून असल्या गाडीनें रोज रस्त्यावर धांवूं नये, क्वचितच निघावें, हें उचित आहे. शिवाय आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें जुनीं रबरें फुगवितें व हवेंतील पाणी शोषून घेतें. त्यासाठीं आम्हांस सर्व नळ्या बदलाव्या लागल्या, आणि टाकींत पेट्रोल फार दिवस ठेवून चालत नाहीं. तिसरा आक्षेप अभ्यासाचा. सहावींत माझे गणिताचे गुण घसरले होते, हें आमच्या वर्गशिक्षकांस आठवत असेलच. तेव्हांपासून अभ्यास पुरा झाल्याखेरीज मला पान्ह्यास हात लावण्याची बंदी आहे. पण हेंहि सांगितलें पाहिजे कीं, विज्ञानाच्या पुस्तकांतील दाब, घर्षण व उष्णता हे शब्द मला आतां पाठ करावे लागत नाहींत.

एक आक्षेप मात्र सर्वांत कठीण. तो आमच्या बाबांनींच एकदां बोलून दाखविला. "हें सगळें आपण गाडीसाठीं करतों आहों कीं आपल्या मनाच्या समाधानासाठीं?" त्यावर माझ्यापाशीं पुरतें उत्तर नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, पंचवीस वर्षें ताडपत्रीखालीं ठेवून नमस्कार केला तेंहि मनाच्या समाधानासाठींच होतें. त्यानें गाडी कुजली. या सहा वर्षांच्या समाधानानें मात्र ताईस तारा समजल्या, मला धातु समजला, आणि काका व आजोबा, जे पूर्वीं सणापुरते एकमेकांशीं बोलत, ते आतां कार्बोरेटरवरून तासन् तास भांडतात.

मित्रांनो, तुमच्याहि घरीं असें कांहीं असेल. माळ्यावरचें शिवणयंत्र असेल, बंद पडलेलें घड्याळ असेल, भाता फाटलेली बाजाची पेटी असेल, विहिरीवरचा गंजलेला पंप असेल. ती वस्तु चालवूं जाणणारें माणूस घरांत आहे तोंवर तिला हात घाला. प्रथम त्या माणसाशेजारीं वही घेऊन बसा व तो काय सांगतो तें टिपून ठेवा. खरवडण्यापूर्वीं छायाचित्र काढा. घाई करूं नका. विशेषतः दुपारीं, मोठीं माणसें झोंपलेलीं असतांना.

गाडी अद्याप आमच्या कुंपणाबाहेर गेलेली नाहीं. तिच्या कागदपत्रांचें काम चालूं आहे. पण गेल्या दिवाळींत पाडव्याच्या सकाळीं ती प्रथम सुरू झाली. आजोबा आतां ब्यांशी वर्षांचे आहेत. त्यांना हात धरून वर चढविलें व सुकाणूं त्यांच्या हातीं दिलें. मी शेजारीं बसलों, बाकीचीं सगळीं मागें हौद्यांत. सेल्फ दोनदां कण्हला, तिसऱ्यांदां इंजिन धरलें. आजोबांनीं मान जरा कलती करून आवाज ऐकला आणि म्हणाले, "चार नंबरचा व्हॉल्व्ह अजून जरा वाजतोय." मग जांभळीपासून फाटकापर्यंत चाळीस फूट गाडी गेली, आणि तितकीच मागें आली. पुढच्या रविवारीं आम्हीं चार नंबरचा व्हॉल्व्ह उघडला.